तेराव्या पानाला काय विचारायचं

टॅरोच्या 78 पानांत एकच पान असं आहे, जे उघडल्यावर विचारणारा माणूस पानाकडे बघायचं सोडून वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघू लागतो. काळं चिलखत घातलेला सांगाडा, पांढरा घोडा, वर रोमन आकड्यात तेरा आणि खाली नाव, ‘डेथ’. इंग्रजी न येणाऱ्यालाही ते कळतं. कवटी वाचायला शाळा लागत नाही. त्या दोन-चार क्षणांत वाचणारा जे बोलतो त्यावर पुढचं सगळं ठरतं, आणि बहुतेक जण तिथंच घसरतात. काही घाबरवतात. उरलेले घाईघाईनं म्हणतात, ‘‘अहो काही नाही, हे तर बदलाचं कार्ड, फार चांगलं असतं!’’ ही दुसरी चूक पहिलीपेक्षा सभ्य आहे, एवढंच.

पुण्याहून पौड रस्त्यानं निघून पिरंगुट ओलांडलं की घोटवडे फाटा लागतो. मुळशी तालुक्यातलं भरे गाव त्याच भागातलं. इथं भाताची खाचरं आणि बंगलो प्लॉटचे फलक एकमेकांना चिकटून उभे असतात. टॅरो या बाजूला शनिवार-रविवारी येणाऱ्या फार्महाऊसवाल्यांच्या गाडीतून आलं असं कुणाला वाटेल, पण आता ते मोबाइलमध्ये आहे, म्हणजे सगळीकडे आहे. पिरंगुटच्या कंपनीत पाळीला जाणारी मुलगी बसमध्ये ‘आजचं कार्ड’ बघते आणि घरी आल्यावर आईलाही दाखवते. पानं परदेशातली असली तरी प्रश्न मात्र अस्सल इथले असतात. आजोबांची जमीन काढावी का. भावाभावांत वाटणी होईल का. ठेकेदारानं काढून टाकलं, आता काय. साखरपुडा झाला होता, मोडला. अशा प्रश्नांवर तेरावं पान निघालं तर काय करायचं, एवढ्यापुरताच हा लेख आहे. टॅरोनं भविष्य कळतं असं मी मानत नाही. चित्र समोर ठेवल्यावर माणूस स्वतःशी जरा खरं बोलतो, एवढं मानतो; आणि तेवढ्यासाठीही पान नीट वाचता यावं लागतं.

भीती घालवायला थोडा इतिहास उपयोगी पडतो. टॅरो जन्मलं ते खेळ म्हणून. 1440 च्या दशकात उत्तर इटलीतल्या दरबारी घरांत हे पत्ते खेळले जात होते. आपल्याकडं सावंतवाडीचे चितारी गंजिफा रंगवत आले, तसेच तेही हातानं रंगवलेले असत. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्याच्या संचात मृत्यू हातात धनुष्य घेऊन उभा आहे. पुढं मार्सेय पद्धतीच्या संचांत तो लांब दांड्याचा विळा घेऊन शेत कापताना दिसतो. जमिनीवर हात, पाय, मुंडकी पडलेली, आणि त्यातल्या एका मुंडक्यावर मुकुट. त्या पानावर नाव छापत नसत, नुसता आकडा. या पत्त्यांत इजिप्तचं गूढ ज्ञान दडलंय, असा शोध पॅरिसच्या कूर द जेबलँ यांनी 1781 साली लावला. पुरावा काही नव्हता, पण कल्पना चालली, आणि भविष्य सांगण्याचा धंदा त्यानंतर फोफावला. म्हणजे त्याआधी तीनशेहून अधिक वर्षं माणसं हे मृत्यूचं पान हातात घेऊन डाव मारत होती आणि रात्री जेवून झोपत होती. घाबरलेल्या माणसाला मी हे आवर्जून सांगतो.

आज बाजारात मिळणारा बहुतेक प्रत्येक संच ज्याची नक्कल आहे तो 1909 साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. काम प्रचंड आणि पैसे अगदी थोडे, असं तिनं त्याच वर्षी एका स्नेह्याला पत्रातून कळवलं होतं. संचाला बरीच वर्षं ‘रायडर-वेट’ म्हणत, तिचं नाव गाळून. पण आपण अर्थ लावतो तो तिच्या रेषांवरून, तेव्हा पुस्तक मिटून आधी तिचं चित्र बघायला शिका.

पान निघाल्यावर मिनिटभर काही बोलू नका. चित्रात काय काय आहे ते विचारणाऱ्यालाच मोजायला लावा. बहुतेकांना सांगाडा आणि घोडा एवढंच दिसतं. मग विचारा, ‘‘याच्या हातात शस्त्र कुठलं?’’ आणि तो शोधायला लागतो. शस्त्र नाहीच. मार्सेयमधला विळा स्मिथनं काढून घेतला आणि हातात झेंडा दिला. काळ्या झेंड्यावर पांढरं गुलाबाचं फूल. वेट यांनी त्या गुलाबाचा अर्थ जीवन असा सांगितलाय. हा स्वार कुणावर वार करत नाही, तो फक्त येतो, घोडा एकेक पाऊल टाकतोय. चिलखत आहे कारण त्याला कुणी अडवू शकत नाही. इथं विचारणाऱ्याचा श्वास जरा खाली बसतो, आणि तुम्ही अजून एकही खोटं दिलासा देणारं वाक्य बोललेले नसता.

पांढऱ्या घोड्याकडे आपली माणसं वेगळ्या डोळ्यांनी बघतात. पांढरा घोडा म्हटलं की खंडोबा. एखादी आजी पान बघून आधी हातच जोडते, तिला हसू नका. दशावतारी गंजिफा ज्यानं बघितलाय त्याला कल्की आठवेल. दहा रंगांचे, प्रत्येकी बारा, असे 120 गोल पत्ते, आणि दहावा रंग कल्कीचा. पांढऱ्या घोड्यावरून येणारा, युग संपवणारा आणि पुढच्या युगाला वाट करून देणारा. तेराव्या पानावरच्या स्वाराला यमापेक्षा कल्की जवळचा आहे असं मला वाटतं. यम एकेकाला नावानिशी न्यायला येतो. हा स्वार कुणाचं नाव घेऊन आलेला नाही. तो एक काळ संपल्याचं सांगत चाललाय आणि वाटेत जे आहेत ते आहेत.

वाटेत चौघं आहेत, आणि माझ्या मते सगळं पान त्या चौघांत आहे. पुस्तकांत यांच्यावर दोन ओळी असतात. तुम्ही यांच्यापाशी निम्मा वेळ घालवा.

राजा घोड्याखाली आडवा पडलाय, मुकुट बाजूला. तो लढला की नुसताच उभा राहिला ते चित्र सांगत नाही, पण तो हटला नाही हे नक्की. धर्मगुरू उभा आहे, अंगावर पिवळा झगा, डोक्यावर उंच टोपी, हात जोडलेले. तो विनवतोय म्हणा, मंत्र म्हणतोय म्हणा, सौदा करतोय म्हणा. तरुण मुलगी गुडघ्यावर आलीय, केसांत फुलं आहेत, तोंड दुसरीकडं वळवलंय. आणि तिच्याशेजारी लहान मूल, तेही गुडघ्यावर, पण मान वर करून सरळ घोड्याकडं बघतंय. चौघांत पूर्ण उघड्या डोळ्यांनी बघणारं तेवढंच.

आता विचारा, ‘‘यातलं तुम्ही कोण?’’

घाई करू नका. उत्तर यायला वेळ लागतो आणि पहिलं उत्तर बहुधा सभ्यपणाचं असतं. समजा, भऱ्यातल्याच एका घराचा प्रश्न आहे. वडील जाऊन वर्ष झालंय, दोघे भाऊ, एक बहीण, खाचरं दोन ठिकाणी, आणि दारात एजंट. थोरला म्हणतो, मी आहे तोवर जमिनीला हात लागणार नाही. हा राजा. धाकटा रोज नवी तोड काढतो, निम्मी विकू, रस्त्याकडची ठेवू, विसार घेऊ आणि व्यवहार लांबवू. हा धर्मगुरू. आई विषय निघाला की चुलीकडं जाते. ती तोंड वळवलेली मुलगी. आणि बहिणीला कुणी विचारलेलंच नाही. पण प्रश्न घेऊन येते बरेचदा तीच, आणि तिला सगळं स्वच्छ दिसत असतं. अशा वेळी तिला ‘‘तुम्ही ते मूल आहात’’ असं पटकन बहाल करू नका. तिला स्वतःला काय वाटतं ते आधी ऐका. एखादी म्हणेल, मी मुलगीच, मीही तोंड वळवलंय, माहेर तुटेल म्हणून. ती जे म्हणेल ते खरं. तुमचं अर्थज्ञान तिच्या पुढं घालू नका.

मागच्या बाजूला नदी आहे, नदीत शिडाची होडी, आणि उजवीकडं दूर दोन बुरुजांच्या मध्ये सूर्य. हेच बुरुज अठराव्या, चंद्राच्या पानात पुन्हा येतात. सूर्य उगवतोय की मावळतोय यावर टॅरोवाले मजेत भांडतात. वेट यांनी त्याला अमरत्वाचा सूर्य म्हटलंय. मला हे भांडण सोडवण्यात रस नाही. विचारणाऱ्याला काय दिसतं ते विचारावं आणि ऐकून ठेवावं. ‘मावळतोय’ म्हणणाऱ्याशी तुम्ही पुढं कसं बोलायचं हे त्यातून कळतं.

राहिला आकडा. युरोपात तेरा अशुभ, आणि आपणही हॉटेलांतल्या खोल्यांवरून ते उसनं घेतलंय. पण आपल्या घरांत तेराव्याला काय होतं ते बघा. दहाव्याला नदीकाठी पिंड, कावळ्याची वाट. मग अकरावा, बारावा. आणि तेराव्याला गोडाचं जेवण. सोयरे येतात, दुखवटा निघतो, पाहुणे आपापल्या गावी जातात, घर पुन्हा चुलीला लागतं. मेलेलं माणूस काही परत येत नाही, रडणंही संपत नाही, पण त्या दिवसापासून घराला कामाला लागायची मुभा मिळते. हे पान आपल्याला परक्यांपेक्षा चांगलं कळायला हवं ते यासाठी. त्यात दहावाही आहे आणि तेरावाही, आणि दहावा टाळून तेराव्याचं जेवण वाढता येत नाही. ‘‘अहो, हे तर नव्या सुरुवातीचं कार्ड’’ म्हणणारा रीडर नेमकं तेच करत असतो.

इथं मी नेहमीच्या टॅरोच्या पुस्तकांशी भांडतो. त्यांत प्रत्येक शेवट नव्या सुरुवातीसाठीच झालेला असतो. मुळशीत राहणाऱ्यानं असं सरसकट बोलू नये. इथं दोन तऱ्हांचे शेवट माणसांनी पाहिलेत.

एक राबाचा. उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, टहाळ, पातेरा, गवत यांचे थर द्यायचे, वर माती टाकायची आणि पेटवायचं. तण जळतं, राख मातीत मिसळते, पाऊस लागला की त्याच काळ्या जागेवर बी टाकायचं. मुळशीचा आंबेमोहोर, ज्याला पुढं भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची रोपं पिढ्यान्‌पिढ्या अशा जळक्या जमिनीतून उठली. पण राब शेतकरी स्वतः रचतो, स्वतः पेटवतो, आणि काय जाळायचं ते त्यानं ठरवलेलं असतं.

दुसरा धरणाचा. भऱ्याहून वरच्या अंगाला मुळा नदीवर टाटांचं धरण व्हायचं होतं. त्याविरुद्ध 16 एप्रिल 1921 ला सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव त्याच लढ्यानं दिलं. लढा काही वर्षं चालला आणि धरण झालंच. गावं, देवळं, खाचरं पाण्याखाली गेली. त्या माणसांना कुणी जाऊन सांगावं का, की हे परिवर्तन आहे?

तेव्हा पान निघालं की मनाशी आणि मग समोरच्यालाही विचारा : जे संपतंय ते राब आहे की धरण? म्हणजे आग तुम्ही लावलीय, निदान लावायला तयार आहात, की पाणी तुमच्यावर चालून आलंय? नोकरी सोडायची की नाही या प्रश्नावर तेरावं पान आलं तर बहुधा राब. ठेकेदारानं एका सकाळी फाटकावरूनच परत पाठवलं, तर ते धरण. नातं आपणच संपवत आणलेलं असेल, तर राब. साखरपुडा समोरच्यांनी एका फोनवर मोडला, तर धरण. राबाच्या प्रश्नात पुढचं बोलता येतं, बी कुठलं, पाऊस कधी. धरणाच्या प्रश्नात आधी नुकसान मोजावं लागतं. काय गेलं, कुणामुळं गेलं, त्यातलं भांडून काही मिळण्यासारखं आहे का. कामावरून काढलेल्या माणसाला ‘‘विश्वानं तुमच्यासाठी दार उघडलंय’’ सांगण्यापेक्षा थकलेला पगार आणि पीएफचं विचारा.

कधी दोन्ही मिसळलेलं असतं. जमिनीचं बरेचदा तसंच. विकायचं आपण ठरवतो, पण चहूबाजूंनी प्लॉट पडल्यावर खाचरात पाणी येईनासं होतं आणि ठरवायला फारसं काही उरत नाही. अशा वेळी पानही तसंच, धड इकडचं ना तिकडचं, असं सरळ सांगावं.

आता पान काढण्याची रीत. ताम्हिणी उतरून कोकणात गेलं की देवाला कौल लावतात. कळी उजवीकडं पडली की हो, डावीकडं पडली की नाही. कौलाला तसाच प्रश्न विचारायचा असतो. टॅरोला तसा प्रश्न विचारला की घोळ होतो, कारण तेराव्या पानात हो नाही आणि नाहीही नाही. ‘‘जमीन विकू का?’’ असं विचारून हे पान काढलं, तर एक रीडर म्हणेल विका, जुनं संपलं. दुसरा म्हणेल विकू नका, घात आहे. दोघांनाही पानात आधार सापडेल. प्रश्न असा मांडा : ‘‘या जमिनीशी असलेल्या आमच्या नात्यातलं काय संपलंय आणि काय नाही?’’ मग पान बोलायला लागतं. शेती करणं संपलं असेल, पण जमीन आपली असणं संपलेलं नसेल. किंवा उलट, जमीन नावावर आहे, पण घर केव्हाच मनानं पुण्याला गेलंय.

प्रश्न मांडून पान निघालं की संचातून आणखी दोन पानं मुद्दाम काढून घ्या. बारावं डावीकडं, चौदावं उजवीकडं. बाराव्यात एक माणूस एका पायानं उलटा टांगलाय, पण चेहरा शांत. चौदाव्यात देवदूत एका पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओततोय, एक पाय जमिनीवर, एक पाण्यात. तिन्ही ओळीनं ठेवली की वाचणं सोपं होतं. लटकून किती दिवस राहिलात? काय संपलं? आता थेंब न सांडता कुठून कुठं काय ओतायचंय? चौदाव्या पानात घाई अजिबात नाही, त्यामुळं जमिनीचे पैसे आले की लगेच गाडी, हा विषय तिथं आपोआप निघतो. तो निघालेला बरा.

शेजारी नशिबानं आलेली पानंही बघावी लागतात. ‘पेंटॅकल्स’ना मी नाणी म्हणतो. नाण्यांची चौकी शेजारी आली तर थांबा. एक नाणं डोक्यावर, एक छातीशी कवटाळलेलं, दोन पायाखाली दाबलेली, असा तो माणूस. तेराव्याशेजारी तो बसला की प्रश्न जमिनीचा नसतो, पकडीचा असतो. पेल्यांची अठ्ठी, म्हणजे रचून ठेवलेले पेले मागं सोडून चंद्राखाली चालत निघालेला माणूस, शेजारी आली तर निर्णय झालेला आहे, बोलायचा बाकी आहे. तलवारींची दश्शी भयंकर दिसते, पाठीत दहा तलवारी, पण क्षितिजावर उजाडलेलं असतं. ती आणि तेरावं एकत्र निघाली तर अर्थ काढणं सोडा आणि माणूस गेल्या काही दिवसांत नीट झोपतोय का, जेवतोय का, ते विचारा.

उलटं आलेलं तेरावं पान म्हणजे अरिष्ट टळलं असं काही जण सांगतात. मी एवढंच धरतो की संपलेल्या गोष्टीचं तेरावं घातलेलं नाही. बंद पडलेल्या दुकानाचा परवाना दरवर्षी नवा करणारा माणूस, आलेली अंगठी परत न केलेलं घर. उलटसुलट वाचायचा कंटाळा असेल तर सगळी पानं सरळ धरून वाचा, काही बिघडत नाही.

काही गोष्टी मात्र करूच नका. कोण कधी जाणार, हा प्रश्न कुणी कितीही गयावया केली तरी घेऊ नका. घरात कुणी आजारी असेल आणि हे पान निघालं, तर ते त्या आजाऱ्यावर लावू नका. संच उचलून ठेवा आणि रिपोर्ट काय म्हणतो ते विचारा. नुकतंच माणूस गेलेल्या घरी पानं नेऊ नका. माझ्या मते वर्षश्राद्धापर्यंत त्या विषयावर पान काढूच नये, मग कुणी मला कठोर म्हणो. बोलता बोलता ‘‘आता जगून काय करू’’ असं कुणी म्हणालं, तर तिथं टॅरो संपलं. ‘टेलिमानस’चा 14416 हा नंबर विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो लावून द्या आणि फोन संपेपर्यंत शेजारी बसा.

आणि तुम्हीच जर विचारायला गेला असाल, तर एक खूण लक्षात ठेवा. तेरावं पान निघाल्यावर रीडरनं आवाज खाली आणून ‘‘घरात मृत्यूयोग दिसतोय, शांत करावी लागेल’’ म्हटलं आणि रक्कम सांगितली, की उठा. पिंजऱ्यातला पोपट घेऊन फिरणारा ज्योतिषी परवडला. त्याचा पोपट चिठ्ठी काढून गप्प तरी बसतो. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं झगडा केला, आणि त्या वर्षीच्या 20 ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर तो आला. तथाकथित चमत्काराचे प्रयोग करून लोकांना फसवणं त्यात गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणंही गुन्हा आहे. खाचरात काम करणाऱ्या घरांनी हे दुसरं विशेष ध्यानात ठेवावं. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पुन्हा त्या तीन भावंडांकडं येऊ, कारण पान वाचून झाल्यावर खरं काम सुरू होतं आणि ते पौडला, तहसील कचेरीत असतं. पान काहीही म्हणो, सातबारा आणि आठ-अ काढून बघा. वडिलांच्या माघारी वारस नोंद झालीय का, फेरफार मंजूर झालाय का, हद्दीची मोजणी शेवटची कधी झाली. बहिणीच्या हक्कसोड पत्रावर ‘सही कर, माहेर टिकेल’ म्हणून अंगठा घेतला जात असेल, तर तिला दोन गोष्टी माहीत हव्यात. वारसाहक्काच्या कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि त्यासाठी त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सांगितलंय. सोडायचा तर तिनं तो समजून-उमजून सोडावा. तिच्या पानातल्या राजाची, धर्मगुरूची सही तिच्या सहीच्या जागी चालत नाही.

घरच्या घरी स्वतःसाठी पान काढणाऱ्यांनी शेवटी वहीत तीन ओळी लिहाव्यात. प्रश्न, चौघांतलं मी कोण, आणि येत्या पंधरवड्यात करायचं एक काम. काम दिसेल असं हवं. ‘मन मोकळं करेन’ हे काम नव्हे. ‘मोजणीचा अर्ज’, ‘रविवारी ताईला फोन’, ‘अंगठी परत’ ही कामं. तारीख टाका आणि संच कपाटात ठेवा. पंधरवडा होईपर्यंत त्याच प्रश्नावर दुसरं पान काढू नका, कारण आवडतं पान येईपर्यंत पिसत बसणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि 78 पानांत ते कधीतरी येतंच. पंधरवड्यानं वही उघडल्यावर काम झालेलं नसेल, तर पानं बाहेर काढायच्या आधी ते करून या.